घातांकांची समीकरणं अवयव पाडून कशी सोडवायची, अगदी पहिल्यापासून

दहावी झाली, अकरावी सायन्सला नाहीतर डिप्लोमाला ऍडमिशन झालं, आणि पहिल्या एकदोन महिन्यातच फळ्यावर असं काहीतरी येतं:

२^(क्ष+४) + २^क्ष = ६८

आणि अर्धा वर्ग पेन खाली ठेवतो. सोलापुरात पूर्व भागात माझ्याकडे संध्याकाळी जी पोरंपोरी बसतात त्यातली बरीचशी दहावीपर्यंत मराठी, तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू माध्यमातून आलेली, घरी कुणी यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी, त्यामुळं अडलं तर घरात विचारायला कोणी नसतं. आणि पोरं हुशार असतात हो, घातांक आठवीत झालेत, अवयव पण आठवीतच झालेत, वर्गसमीकरणं दहावीत झालीत, सगळं येतं त्यांना. फक्त हे तिन्ही एका गणितात एकत्र कसं वापरायचं ते एका बैठकीत बसून कोणी सांगितलेलं नसतं. ते इथं सांगतोय, वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक गणित वाचता वाचता स्वतः करा, नुसतं वाचून हा धडा येत नाही.

लिहायची पद्धत आधी सांगतो. टाईप करताना वर छोटा आकडा नीट येत नाही म्हणून ^ ही खूण वापरलीय, २^३ म्हणजे २ चा घात ३, म्हणजे ८. यात खालचा २ हा पाया, वरचा ३ हा घात. पुस्तकात जो एक्स असतो तो इथं क्ष आहे. तुम्ही वहीत नेहमीसारखं वरती छोटं लिहा.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा

घातांकांचे नियम आठवा:

अ^प × अ^त = अ^(प+त)
अ^प ÷ अ^त = अ^(प−त)
(अ^प)^त = अ^(प×त)
अ^० = १ आणि अ^(−त) = १ ÷ अ^त (अ शून्य नसेल तर)

आता हे नियम परत एकदा नीट बघा. सगळे गुणाकाराचे नाहीतर भागाकाराचे आहेत. बेरजेचा एकही नाही! २^क्ष + २^३ याला घातांकांचा कुठलाच नियम लागत नाही. मागच्या बाकावरची एक पोरगी दरवेळी विचारायची, "दादा, दोन्हीकडं पाया २ आहे ना, मग वरच्यांची बेरीज करून २^(क्ष+३) लिहिलं तर काय बिघडतं?" प्रश्न एकदम रास्त आहे, तर मग क्ष = १ टाकून बघायचं. २ + ८ = १०, आणि २^४ = १६. जमत नाही, विषय संपला.

म्हणजे आपल्यापुढं बेरीज-वजाबाकी असलेलं समीकरण येतं आणि हातातले नियम सगळे गुणाकाराचे. मग करायचं काय, तर बेरजेचा गुणाकार करायचा. आणि बेरजेचा गुणाकार करणं यालाच अवयव पाडणं म्हणतात. हा लेख म्हणजे तेवढंच एक काम वेगवेगळ्या प्रकारे आहे, त्यामुळं पुढं कुठं गोंधळलात तर स्वतःला एकच विचारा, याचा गुणाकार कसा करता येईल?

स्टेप १: आकडे पायात आणा

कुठलंही गणित सुरू करायच्या आधी त्यातल्या मोठ्या आकड्यांचे मूळ अवयव पाडायचे. शाळेत उभी रेघ मारून डावीकडं २, २, ३ लिहित जायचो तसंच. आणि काही घात सरळ पाठ करा, पाढ्यासारखे, परीक्षेत लई वेळ वाचतो:

२ चे: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४
३ चे: ३, ९, २७, ८१, २४३, ७२९
५ चे: ५, २५, १२५, ६२५, ३१२५
७ चे: ७, ४९, ३४३

यात ६४ आणि ७२९ वर खास नजर ठेवा. ६४ हा २^६ पण आहे, ४^३ पण आणि ८^२ पण. ७२९ तसाच, ३^६, ९^३, २७^२. पेपर काढणाऱ्यांचे हे लाडके आकडे आहेत.

सोपं गणित घेऊ:

८^(क्ष−१) = ४^(क्ष+२)

८ म्हणजे २^३, ४ म्हणजे २^२. मग डावीकडं २^(३क्ष−३), उजवीकडं २^(२क्ष+४). पाया सारखा झाला, आता वरचे घात समान मांडा: ३क्ष − ३ = २क्ष + ४, म्हणून क्ष = ७. पडताळा: ८^६ = २६२१४४ आणि ४^९ पण २६२१४४.

इथं "पाया सारखा म्हणून घात समान" असं आपण बिनधास्त लिहितो पण ते कधी चालतं हे माहीत पाहिजे. पाया धन असेल आणि १ नसेल तर चालतं, कारण २^क्ष मध्ये क्ष वाढला की किंमत वाढतच जाते, एकच किंमत दोनदा येत नाही. १ ला मात्र कुठलाही घात दिला तरी १ च, १^५ = १^९, म्हणून काय ५ आणि ९ समान होत नाहीत.

मूळ अवयवांची ताकद बघायची असेल तर हे बघा:

२^क्ष × ९^य = २५९२ (क्ष आणि य पूर्ण संख्या)

२५९२ ला २ ने भागत जा: १२९६, ६४८, ३२४, १६२, ८१. पाच वेळा गेलं. उरले ८१, म्हणजे ९^२. म्हणून क्ष = ५, य = २. आता उत्तर परत मांडा, २^५ × ९^२, आणि आकडे डावीकडून वाचा: २, ५, ९, २. तोच २५९२! मला हे गणित फार आवडतं, पोरांना पण. एका समीकरणात दोन अज्ञात असूनही उत्तर एकच आलं कारण कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम बदलेल फक्त. पूर्ण संख्येची अट काढली तर मात्र उत्तरं अगणित होतील.

स्टेप २: सामाईक काढा

खरं काम इथून सुरू होतं, त्यामुळं सावकाश जाऊ.

एक सोलापुरी चादर घ्या. एक घडी घातली की दोन थर, अजून एक घातली की चार, तिसरीला आठ. म्हणजे क्ष घड्या घातल्या तर २^क्ष थर. आता दोन चादरी घेऊ, पहिलीला क्ष घड्या, दुसरीला एक जास्त, म्हणजे क्ष+१. एकावर एक ठेवल्यावर कडेनं थर मोजले तर ४८ भरले. पहिलीला किती घड्या?

२^(क्ष+१) + २^क्ष = ४८

दुसरीला एक घडी जास्त म्हणजे तिचे थर पहिलीच्या बरोबर दुप्पट. पहिलीचा एक वाटा धरला तर दुसरीचे दोन वाटे, मिळून तीन वाटे, आणि तीन वाटे म्हणजे ४८. एक वाटा १६. म्हणजे २^क्ष = १६, क्ष = ४. घरातली चादर घेऊन खरंच चार घड्या घाला आणि कडेला बोट लावून मोजा, सोळा भरतात.

हेच वहीत असं लिहायचं:

२^(क्ष+१) + २^क्ष = ४८
२^क्ष × २ + २^क्ष × १ = ४८
२^क्ष (२ + १) = ४८
२^क्ष = १६ = २^४
क्ष = ४

दुसरी ओळ कोणी गाळू नका. २^(क्ष+१) हे २^क्ष × २ असं फोडायचं, हा गुणाकाराचा नियम उलटा वापरलाय, आणि हे उलटं फोडणं जमलं की निम्मा धडा आला असं समजा. आणि दुसऱ्या पदात "× १" लिहायची सवय ठेवा, कारण सामाईक बाहेर काढल्यावर त्या जागी १ उरतो, काही नाही असं नाही. कंसात (२ + ०) लिहून गणित घालवणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

आता सुरुवातीचं गणित. ६८ हा आकडा सोलापूरकराला सांगायला नको, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वज त्यांच्या तैलाभिषेकाला निघतात.

२^(क्ष+४) + २^क्ष = ६८
२^क्ष (१६ + १) = ६८
२^क्ष × १७ = ६८
२^क्ष = ४
क्ष = २

पडताळा: २^६ + २^२ = ६४ + ४ = ६८. स्टेप १ मध्ये सांगितलं तसं ६८ चे अवयव आधीच पाडले असते तर २ × २ × १७ दिसला असता, आणि १७ दिसला की कंसात १६ + १ येणार हे डोळ्यांनीच कळलं असतं.

तीन पदं असली तरी काही फरक पडत नाही. आपल्या सोलापूरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच १३ असतं, त्यातला १३ इथं बघा:

३^क्ष + ३^(क्ष+१) + ३^(क्ष+२) = ३५१
३^क्ष (१ + ३ + ९) = ३५१
३^क्ष × १३ = ३५१
३^क्ष = २७, क्ष = ३

३ च्या लागोपाठ तीन घातांची बेरीज नेहमी १३ ने भागली जाते, आता कारण पण कळलं.

आता वजाबाकी आणि ऋण घात. इथं एक ठरवायचं असतं, सामाईक काय काढायचं?

३^(क्ष+१) − ३^(क्ष−१) = २१६

नियम सोपा ठेवा, ज्या पदाचा घात सगळ्यात लहान ते बाहेर काढा. इथं ३^(क्ष−१). मग पहिल्या पदात काय उरतं? घातांची वजाबाकी करा, (क्ष+१) − (क्ष−१) = २, म्हणून ३^२ = ९ उरतात.

३^(क्ष−१) (९ − १) = २१६
३^(क्ष−१) = २७ = ३^३
क्ष − १ = ३, क्ष = ४

३^क्ष बाहेर काढलं तरी उत्तर येतं, पण कंसात ३ − १/३ येतो आणि अपूर्णांकात पोरं अडकतात. लहान घात काढला की कंसात नेहमी पूर्ण संख्या उरतात.

दोन वेगवेगळे पाये आले तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही बाजूंना आपापलं सामाईक काढा:

२^(क्ष+२) + २^क्ष = ५^(क्ष+१) − ३ × ५^क्ष
२^क्ष (४ + १) = ५^क्ष (५ − ३)
५ × २^क्ष = २ × ५^क्ष

आता दोन्ही बाजूंना १० ने भागा, २^(क्ष−१) = ५^(क्ष−१). वरचा घात सारखा, खालचे पाये वेगळे, हे एकाच वेळी खरं होतं, घात शून्य असताना. क्ष = १. पडताळा, ८ + २ = १० आणि २५ − १५ = १०.

स्टेप ३: एका बाजूला शून्य आणा, आणि क्ष ने भागू नका

ही छोटी स्टेप आहे पण मार्क इथंच जातात. हे बघा:

क्ष × २^क्ष = ८क्ष

पहिला मोह काय होतो, दोन्हीकडं क्ष आहे, उडवून टाका, २^क्ष = ८, क्ष = ३, झालं. नाही झालं. क्ष उडवणं म्हणजे क्ष ने भागणं, आणि क्ष जर स्वतःच शून्य असेल तर शून्याने भागता येत नाही. नीट असं करा:

क्ष × २^क्ष − ८क्ष = ०
क्ष (२^क्ष − ८) = ०

गुणाकार शून्य आला म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. क्ष = ० किंवा २^क्ष = ८. उत्तरं दोन: ० आणि ३. उडवलं असतं तर एक उत्तर हरवलं असतं, आणि त्या हरवलेल्या उत्तराचा कुठं पत्ताही लागत नाही, पडताळा केला तरी ३ बरोबरच येतो.

मग उडवायचं कधीच नाही का? तसं नाही. २^क्ष, ३^क्ष असली पदं कधीच शून्य होत नाहीत, क्ष धन असो, ऋण असो, शून्य असो, किंमत नेहमी शून्यापेक्षा जास्त. म्हणून त्यांनी भागलं तर चालतं:

क्ष^२ × ३^क्ष − ४ × ३^क्ष = ०
३^क्ष (क्ष^२ − ४) = ०

३^क्ष शून्य होऊच शकत नाही, म्हणून क्ष^२ = ४, क्ष = २ किंवा −२.

घात साधा आकडा आणि क्ष खाली पायात असेल तरी हीच पद्धत. क्ष^५ = १६क्ष घ्या, सगळं डावीकडं आणा, क्ष बाहेर काढा, क्ष(क्ष^४ − १६), मग वर्गांची वजाबाकी दोनदा लावा:

क्ष (क्ष − २)(क्ष + २)(क्ष^२ + ४) = ०

उत्तरं ०, २, −२. शेवटचा कंस वास्तव संख्यांमध्ये शून्य होत नाही.

स्टेप ४: लपलेलं वर्गसमीकरण ओळखा

४^क्ष − ३ × २^(क्ष+१) + ८ = ०

इथं नुसतं सामाईक काढून भागत नाही. पण ४^क्ष म्हणजे (२^क्ष)^२, आणि २^(क्ष+१) म्हणजे २ × २^क्ष. २^क्ष च्या जागी म लिहा:

म^२ − ६म + ८ = ०
(म − २)(म − ४) = ०
म = २ किंवा म = ४

दहावीतलं वर्गसमीकरण, दुसरं काही नाही. पण थांबू नका! म काढला म्हणजे गणित संपलं असं वाटतं आणि "उत्तर २ आणि ४" लिहून पोरं पुढच्या प्रश्नावर जातात. आपल्याला क्ष पाहिजे. २^क्ष = २ म्हणून क्ष = १, २^क्ष = ४ म्हणून क्ष = २. मी तर म धरल्याबरोबर वहीच्या कडेला पेन्सिलीनं "म = २^क्ष" लिहून चौकट करायला लावतो, म्हणजे शेवटी परत यायचं विसरत नाही.

ओळखायची खूण एकच, एका पदाचा घात दुसऱ्याच्या दुप्पट असला पाहिजे. ४ आणि २, ९ आणि ३, २५ आणि ५ अशा जोड्या दिसल्या की लगेच म आठवा.

दुसरं बघू:

९^क्ष − ६ × ३^क्ष − २७ = ०
म^२ − ६म − २७ = ०
(म − ९)(म + ३) = ०

म = ९ वरून क्ष = २. आणि म = −३? ३^क्ष ऋण कधीच होत नाही हे आत्ताच स्टेप ३ मध्ये बघितलं, म्हणून हे उत्तर सोडून द्यायचं. पण सोडताना वहीत कारण लिहा, "३^क्ष > ० म्हणून म = −३ शक्य नाही". बरीच जण नुसती काट मारतात, तसं करू नका, कारण हाच खरा समजल्याचा पुरावा.

जरा वेगळं रूप:

५^क्ष + ५^(२−क्ष) = २६

यात ५^(२−क्ष) म्हणजे २५ ÷ ५^क्ष. म धरा, म + २५/म = २६, दोन्ही बाजूंना म ने गुणा (म शून्य नाही, हरकत नाही), म^२ − २६म + २५ = ०, म्हणजे (म − १)(म − २५) = ०. क्ष = ० किंवा २. क्ष आणि −क्ष एकाच समीकरणात दिसले की हाच प्रकार असतो बहुतेक.

स्टेप ५: चार पदं, दोन पाये, गट पाडा

६^क्ष − ८ × ३^क्ष − ९ × २^क्ष + ७२ = ०

हे बघून भलेभले घाबरतात, पण मला विचाराल तर सगळ्यात देखणी गणितं हीच. किल्ली एका ओळीत आहे, ६^क्ष = २^क्ष × ३^क्ष. मग दोन-दोनचे गट करा:

३^क्ष (२^क्ष − ८) − ९ (२^क्ष − ८) = ०
(२^क्ष − ८)(३^क्ष − ९) = ०

२^क्ष = ८ वरून क्ष = ३, ३^क्ष = ९ वरून क्ष = २. गट पाडताना दुसऱ्या गटातून −९ बाहेर काढलाय, +९ नाही, म्हणून कंसात + ७२ चं − ८ झालं. हे चिन्ह परत एकदा स्वतः करून बघा, इथं घाई झाली की दोन्ही कंस सारखे येत नाहीत आणि मग वाटतं की अवयव पडतच नाहीत.

पुढची पायरी, तीन पदं आणि तिन्हीचे पाये ४, ६, ९:

२ × ४^क्ष − ५ × ६^क्ष + ३ × ९^क्ष = ०

२^क्ष ला अ म्हणा, ३^क्ष ला ब म्हणा. मग ४^क्ष = अ^२, ६^क्ष = अब, ९^क्ष = ब^२:

२अ^२ − ५अब + ३ब^२ = ०
(२अ − ३ब)(अ − ब) = ०

अ = ब म्हणजे २^क्ष = ३^क्ष, म्हणून क्ष = ०. आणि २अ = ३ब म्हणजे २^(क्ष+१) = ३^(क्ष+१), म्हणून क्ष = −१. ऋण उत्तर आलं म्हणून दचकू नका, टाकून बघा: २/४ − ५/६ + ३/९ = ०. वरचा घात क्ष ऋण असू शकतो, २^क्ष किंवा ३^क्ष ची किंमत ऋण असू शकत नाही, हे दोन वेगळे. यात गोंधळ होतो म्हणून स्पष्ट सांगितलं.

कुठं ही पद्धत चालत नाही

हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर प्रत्येक गणितावर अवयव पाडत बसाल. २^क्ष = १० असेल तर १० हा २ चा पूर्ण घात नाही, तिथं लॉगॅरिदम लागतो, तो अकरावीत येतो. २^क्ष + ३^क्ष = १३ मध्ये काहीच सामाईक निघत नाही, गट पण पडत नाहीत. पण बघितलं तर क्ष = २ जमतो, ४ + ९ = १३ (परत आपला १३!). आणि दुसरं उत्तर नाही हे कसं कळतं, तर क्ष वाढला की डावीकडची दोन्ही पदं वाढतात, म्हणजे बेरीज १३ ला एकदाच गाठणार. हे एवढं कारण लिहिलं की अंदाजाने काढलेलं उत्तर सुद्धा पक्कं होतं.

परीक्षेत काय करायचं

बारावीनंतरच्या सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क, कॅल्क्युलेटर नेता येत नाही आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. अशा वेळी पर्याय टाकून बघणं एकदम योग्य आहे, त्यात काही चुकीचं नाही. पण स्टेप ३ लक्षात ठेवा, पर्याय "३" आणि पर्याय "० आणि ३" असे दोन्ही दिलेले असतात आणि ३ टाकल्यावर बरोबर येतो, म्हणून पोरं पहिला टिक करून मोकळी होतात. म्हणून आधी क्ष बाहेर निघतोय का तेवढं बघा, मग पर्याय टाका. बोर्डाच्या नाहीतर डिप्लोमाच्या पेपरात मात्र सगळ्या पायऱ्या लिहायच्या, पायऱ्यांना मार्क असतात.

वहीत प्रत्येक उत्तराखाली पडताळ्याची एक ओळ लिहा. मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या उन्हात डोकं चालत नाही तेव्हा हे शिकू नका, सकाळी लवकर नाहीतर रात्री गच्चीवर बसा, पाच गणितं नीट झाली तरी भरपूर.

स्वतः करून बघा

१) २^(क्ष+३) + २^क्ष = १४४
२) ५^(क्ष+१) − ५^क्ष = ५००
३) ७^(क्ष+१) − ७^(क्ष−१) = ३३६
४) क्ष × ३^क्ष = २७क्ष
५) ९^क्ष − ४ × ३^क्ष + ३ = ०
६) १०^क्ष − २५ × २^क्ष − ४ × ५^क्ष + १०० = ०

उत्तरं आधी बघू नका, निदान चार तरी करा आणि मग खाली या.

१) कंसात ९ येतो, क्ष = ४. २) कंसात ४ येतो, ५^क्ष = १२५, क्ष = ३. ३) लहान घात ७^(क्ष−१) बाहेर, कंसात ४८, क्ष = २. ४) ० आणि ३, एकच लिहिलं असेल तर स्टेप ३ परत वाचा. ५) म = १ आणि ३, म्हणून क्ष = ० आणि १. ६) (२^क्ष − ४)(५^क्ष − २५) = ०, दोन्ही कंसातून क्ष = २ च येतो, म्हणून उत्तर एकच, अवयव दोन असले तरी उत्तरं दोन वेगवेगळी यायलाच पाहिजेत असं नाही.